लाओ फानच्या काळ्या गोळ्या

नवऱ्याची राख पुरून आल्यावर थोड्याच दिवसांत मेंग हुईझन पुन्हा कामावर जायला लागली, तेव्हा प्रयोगशाळेतल्या पोरापोरींना तिच्याशी काय बोलावं तेच कळेना. कुणी तिच्या टेबलावर संत्र्यांची पिशवी ठेवली, कुणी न सांगता तिच्या थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवलं. ती सगळ्यांना ‘बरं, बरं’ म्हणाली, एप्रन चढवला आणि काढ्याची भांडी मांडायला लागली. रडली नाही. अंत्यविधीलाही रडली नव्हती. विधीनंतरच्या टोफूच्या जेवणाला बसलेले नातेवाईक आपसांत कुजबुजले होते, ‘बाई दगडाची आहे.’ ते तिच्या कानावर आलं होतं, पण त्याचंही तिला वाईट वाटलं नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिली की गाल आपला असून आपला राहत नाही, तसं तिचं सगळं अंग होऊन गेलं होतं.

हुईझन नानजिंगचीच. शहराच्या दक्षिणेकडच्या गल्ल्यांत जन्मली आणि लग्नही त्याच गल्ल्यांत झालं. तरुणपणी ती थर्मासच्या कारखान्यात होती. कारखाना बंद पडला तेव्हा पोर कडेवर होती आणि नवरा बसवर कंडक्टर म्हणून नुकताच लागला होता. त्या दिवसांत गल्लीतल्या पांग वैद्याने तिला आपल्या दुकानात उभं केलं. झाडपाल्याच्या औषधांचं जुनं दुकान, भिंतभर लाकडी खण, हातात धरायचा छोटा तराजू. ज्येष्ठमध कुठल्या खणात, सुंठ कुठल्या, कुठली साल किती कुटायची, हे तिने तिथे शिकून घेतलं. पांग वैद्य तापट होता, पण सणाला मीठ लावलेलं अख्खं बदक तिच्या हातात ठेवल्याशिवाय तिला घरी जाऊ देत नसे.

पुढे विद्यापीठातल्या गुआन मॅडम त्या दुकानातून औषधी मुळ्या न्यायला लागल्या. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या पोरांना काढा काही जमत नव्हता. कधी करपायचा, कधी नुसतं पाणी उतरायचं. एकदा गुआन मॅडम दमून काउंटरशी बसल्या आणि म्हणाल्या, “हुईझनताई, आमच्याकडेच येता का? पगार दुकानापेक्षा बरा देऊ.” पांग वैद्य आतून ओरडला, “घेऊन जा! इथे नुसती बडबड करते!” आणि मग दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. ती गेली. तिथेच टिकली. पोरं तिला मेंग मावशी म्हणायला लागली.

त्या प्रयोगशाळेत जे चालायचं ते पहिल्यांदा ऐकल्यावर तिला थापच वाटली होती. औषधात काय काय आहे हे ते लोक एका भोकातून ओळखत. पोरं त्याला नॅनोपोअर म्हणत, हुईझन नुसतं भोक म्हणे. एका जिवाणूच्या अंगातलं प्रथिन घ्यायचं, ते मुळातच नळीसारखं पोकळ असतं. चरबीचा अगदी पातळ पापुद्रा करायचा आणि त्यात ती नळी बसवायची. दोन्ही बाजूंना खारं पाणी. वीज सोडली की पाण्यातला खार त्या भोकातून वाहत राहतो आणि पडद्यावर सरळ रेघ उमटते. मग काढ्याचा थेंब टाकायचा. काढ्यातला एखादा कण भोकात शिरला की वाट अडते, रेघ खाली जाते. कण निघून गेला की परत वर. प्रत्येक पदार्थाची अडवण्याची तऱ्हा वेगळी. कोण किती अडवतो, किती वेळ ठाण मांडतो, आत कसा चुळबुळतो, ते कॉम्प्युटरला शिकवून ठेवलं की तो एकेक कण ओळखून सांगतो.

“म्हणजे आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या जिन्यावरच्या पावलांवरून माणूस ओळखतात, तसंच की,” हुईझन म्हणाली होती.

“तसंच, मावशी. फक्त आमच्या म्हाताऱ्या चहाड्या करत नाहीत,” यिन पेई हसून म्हणाली होती. ही पेई म्हणजे पीएचडी करणारी, सिच्वानकडची मुलगी. बोलायला तिखट, मनाने मऊ. हुईझनचं तिच्याशी सगळ्यांत जास्त जमायचं.

आता तिच्या नवऱ्याचं, लाओ फानचं. तो कंडक्टरचा पुढे ड्रायव्हर झाला आणि निवृत्त होईपर्यंत बसच चालवत राहिला. अंगाने आडवा, आवाजाने मोठा. बदकाच्या रक्ताच्या वड्यांचं सूप वाडगाभर भुरकल्याशिवाय त्याची सकाळ उजाडत नसे. नोकरी संपता संपता त्याचे गुडघे गेले. घर सहाव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दर मजल्यावर थांबून तो कठड्याला शिव्या द्यायचा. हॉस्पिटलवाल्यांनी ऑपरेशन सांगितलं, तर म्हणाला, “गुडघा काय बसचं चाक आहे, काढला आणि दुसरा बसवला?” मग पांग वैद्याकडे गेला. पांग वैद्याने त्याला काळ्या गोळ्या दिल्या, मिरीएवढ्या, मधात मळलेल्या.

आठ-पंधरा दिवसांत लाओ फान जिना चढून एका दमात घरात आला आणि दारातच ओरडला, “हुईझन! बघ, तुझा नवरा उडतोय!” संध्याकाळी तलावाकाठी बायका नाचायच्या, तिथे जाऊन बायकांच्या मागे उभा राहून नाचायला लागला. भूक वाढली, रंग चढला. त्याने गल्लीत चार जणांना त्या गोळ्यांची शिफारस केली. हुईझनलाही आनंदच होता. पांगकाकांच्या हाताला गुण आहे, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

असं दोन-तीन वर्षं चाललं. हळूहळू त्याचं तोंड गोल होत गेलं, दंडावर जरा लागलं तरी काळे-निळे डाग पडायला लागले. रोज बघणाऱ्याला ते दिसलं नाही. नववर्षाच्या सणाला मुलगी शिनयी सूचौहून आली, तिला दारातच दिसलं.

“बाबा, तोंड काय हे? वाफवलेला पाव झालाय नुसता!”

“सुखाचं तोंड आहे हे. तुझ्या आईने खाऊ घातलंय.”

शिनयीने गोळ्यांचा पत्र्याचा डबा हुंगला, हलवून पाहिला. “ह्याच्यावर नाव नाही, गाव नाही. ह्यात काय घालतात ते कुणाला माहीत? आई, तू तर औषधांच्या प्रयोगशाळेत आहेस ना? आणि हे खाऊ देतेस? आजपासून बंद.”

हुईझनलाही ते पटलं. पोरगी शिकलेली, बोलली ते बरोबरच होतं. तिने डबा कपाटावर, रजयांच्या मागे सारला. शिनयी सूचौला परत गेली.

लाओ फान आधी नुसता कुरकुरला. मग गुडघे पुन्हा धरले, तसा गयावया करायला लागला. “एक दे ना. अर्धी दे.”

“नाही म्हणजे नाही.”

“अगं, अंगात जीव नाही माझ्या.”

“ते गोळ्यांची सवय लागल्यामुळे. दोन दिवस कळ काढ.”

त्याने जेवण टाकलं. सूपसुद्धा नको म्हणाला. ओकाऱ्या झाल्या, तेव्हा सणाचं तेलकट बाधलं असेल असं तिला वाटलं. तो दिवसभर झोपून राहायला लागला. हुईझनला वाटलं, गोळ्यांसाठीच सोंग करतोय. हट्टी तर तो पहिल्यापासूनच होता. एका सकाळी कामावर निघताना ती दारातून म्हणाली, “नाटकं पुरे झाली, लाओ फान. उठून दोन घास खा.” तो उठला. भिंतीला धरून टेबलापर्यंत आला आणि खुर्चीवर बसता बसता खाली गेला.

हॉस्पिटलात त्याचा रक्तदाब काही केल्या वर येईना. तरुण डॉक्टरने विचारलं, “काही औषधं चालू होती?”

“नाही,” ती म्हणाली. “झाडपाल्याच्या गोळ्या घ्यायचा, त्यासुद्धा बंद केल्यात आम्ही.”

“बरं केलंत,” डॉक्टर म्हणाला आणि आत गेला. दुपारी बाहेर येऊन त्याने सांगितलं की वय होतं, जंतुसंसर्ग झाला असावा, हृदयाने साथ दिली नाही.

अंत्यविधीला हुईझन रडली नव्हती, ती कसल्या अपराधाने नव्हे. तेव्हा तिला गोळ्यांबद्दल काही माहीतच नव्हतं. नवरा गेला, एवढंच तिला कळलं होतं, आणि तेही पुरतं आत उतरलं नव्हतं. सकाळी ती दोन वाडगे मांडायची आणि एक परत ठेवायची. असं रोज व्हायचं.

वसंत आला. रस्त्यावरच्या चिनारांचा पिवळा कापूस उडायला लागला आणि सगळं नानजिंग शिंकायला लागलं. प्रयोगशाळेत पेईने नवं काम काढलं होतं. काढे झाले होते, आता तिला लोकांच्या घरातल्या तयार गोळ्या हव्या होत्या. “आजी-आजोबा जे काही गिळतात ते आणा,” तिने सगळ्यांना सांगितलं. “भोकाला खरीखुरी परीक्षा हवी.”

दुसऱ्या दिवशी हुईझनने रजयांमागचा डबा काढून आणला. मनात संशय वगैरे काही नव्हता. घरात पडून होता आणि टाकवत नव्हता, एवढंच.

“गुडघ्यांच्या आहेत,” डबा देताना ती म्हणाली.

त्या आठवड्यात पेई तिच्याकडे धावत आली तेव्हा हुईझन नळाखाली भांडी घासत होती. पेई उत्साहाने लाल झाली होती.

“मेंग मावशी! कुठल्या जादूगाराच्या गोळ्या आणल्यास गं? ज्येष्ठमध सापडला, दालचिनी सापडली, आणखी चार मुळ्या सापडल्या, सगळे शहाण्यासारखे आपापल्या जागी. आणि त्यांच्यात एक पाहुणा! झाडपाल्यात जन्मात नसतो असला. मी मागे हॉस्पिटलच्या औषधांवर काम केलं होतं ना, तेव्हा कॉम्प्युटरला शिकवलेला होता, म्हणून सापडला. स्टेरॉइड आहे, मावशी. चांगलं भरपूर. गुआन मॅडमनी मोठ्या यंत्रावरही बघून घेतलं, तेही तेच म्हणतंय.”

“म्हणजे काय असतं?”

“सूज उतरवणारं औषध. डॉक्टर देतात, पण मोजून देतात. हे घेतलं की गुडघा पळायलाच लागतो! मग तोंड सुजतं, हाडं पोखरतात, साखर वाढते…”

हुईझनने नळ बंद केला. “आणि एकदम बंद केल्या तर?”

“छे, तसं करायचंच नसतं. बाहेरून रोज मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं विसरून जातं. एकदम तोडलं तर माणूस गळून जातो, ओकाऱ्या होतात, रक्तदाब पडतो. वेळेवर कळलं तर एका इंजेक्शनने उठून बसतो, नाही कळलं तर…” पेई थांबली. तिने हुईझनच्या तोंडाकडे पाहिलं. “मावशी, ह्या कुणाच्या आहेत?”

“आमच्या लाओ फानच्या.”

हुईझनने पुन्हा नळ सोडला.

“ते तुझ्या हातातलं चंचुपात्र दे इकडे,” ती म्हणाली. “धुऊन टाकते.”

तिने ते धुतलं, पालथं घातलं. पेई भिंतीला टेकून रडायला लागली होती. हुईझनने तिला रुमाल दिला, पाठीवरून हात फिरवला. ही पोर रडतेय आणि आपण कोरड्या, हे तिला दिसत होतं. एक दे, अर्धी दे, हे लाओ फानचं बोलणंही तिला अगदी स्पष्ट ऐकू येत होतं. फक्त ते काचेपलीकडून आल्यासारखं होतं.

मग तिच्या मनात एक विचार आला. गल्लीत आणखी कितीतरी जण त्या गोळ्या खात होते. त्यातल्या चौघांना तर लाओ फाननेच तिथे धाडलं होतं.

ती गुआन मॅडमच्या खोलीत गेली. गुआन मॅडमनी तिला बसवलं, चहा पुढे केला आणि म्हणाल्या, “हुईझनताई, मला हे औषध खात्याला कळवावंच लागेल. लपवता येणार नाही.”

“कळवाच. पण ते काय करतील?”

“दुकानाला सील लावतील. गोळ्या जप्त करतील.”

“म्हणजे सगळ्यांच्या एकाच दिवशी बंद होतील.”

गुआन मॅडमनी कप खाली ठेवला. त्यांच्या लक्षात आलं. “त्यांनाही हे समजावते,” त्या म्हणाल्या. “पण कागद हलायला दोन दिवस तरी जातील आणि तिथे कोण ऐकेल, कोण नाही, त्याचा नेम नाही. तुम्ही पेईला बरोबर घ्या. तुमच्या भागातल्या दवाखान्यात माझी विद्यार्थिनी डॉक्टर आहे, तिला मी आत्ताच फोन करते.”

दुपारी हुईझन एकटीच पांग वैद्याच्या दुकानात गेली. पेईला तिने कोपऱ्यावर थांबवलं. पांग वैद्य ऐंशीला टेकला होता, एका कानाने ऐकू येत नव्हतं. तो वेताच्या खुर्चीत ऊन खात बसला होता.

“ये, ये. जेवलीस का?”

“जेवले. वैद्यकाका, काळ्या गोळ्यांत काय आहे?”

“काय आहे म्हणजे? ज्येष्ठमध, दालचिनी…”

“ते सापडलं. बाकीचं सांगा.”

पांग वैद्याने चेहरा वळवून बरा कान तिच्याकडे केला, जणू नीट ऐकू आलं नव्हतं. पण ऐकू आलं होतं. बराच वेळ तो चुळबुळला.

“हात थरथरायला लागले माझे,” शेवटी तो म्हणाला. “कुटणं होईना. बाहेरगावचा एक जण तयार भुकटी आणून द्यायचा. मी नुसता मधात वळायचो.”

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

“पहिल्याच महिन्यात कळलं. काढ्याला असा गुण येतो का कधी? सगळा जन्म नाडी बघण्यात गेला माझा. काहीतरी घातलेलं आहे, एवढं मला समजलं.”

“मग?”

“लोक हसत परत यायचे गं, हुईझन. माझ्याकडे माणूस कण्हत यायचा आणि जरा कमी कण्हत जायचा, एवढंच मी आयुष्यभर पाहिलं. आता ते नाचत यायला लागले. मी विचारायचं सोडून दिलं.” त्याने आपली विजार वर करून सुजलेला घोटा दाखवला. “मीसुद्धा खातो. लबाडी केली असती तर स्वतः खाल्ल्या असत्या का?”

हुईझनने तो घोटा पाहिला. पांग वैद्याने हळूच विचारलं, “लाओ फान… गोळ्यांनी गेला का?”

“नाही. बंद केल्यामुळे गेला. मी बंद केल्या.”

म्हाताऱ्याने खुर्चीचे हात धरले. त्याचं तोंड उघडं राहिलं, दाढी हलत राहिली. हुईझन वाट बघत उभी होती. त्याने माफी मागावी म्हणून नव्हे. तिला नावं हवी होती.

“कोण कोण खातं ते सांगा. आणि उठा. तुम्हालाच यावं लागेल. माझ्या सांगण्याने कुणी ऐकणार नाही.”

“मी? दारोदार जाऊन सांगू, की मी…”

“हो. चप्पल कुठे आहे तुमची?”

ती दोघं आणि मागून पेई, अशी तिघं त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशीही गल्लीगल्लीत फिरली. पांग वैद्य काठी टेकत पुढे. दर दारात लोक त्याला बघून उठून उभे राहायचे, स्टूल पुढे करायचे, चहा विचारायचे. तो बसायचा नाही. पहिल्या दोन दारांत त्याला नीट बोलताच आलं नाही. पुढे त्याने एकच वाक्य ठरवून टाकलं. “मी दिलेल्या गोळ्यांत चोरून घातलेलं औषध आहे. मला माहीत होतं. पण एकदम बंद करू नका, मराल. ही पोरगी सांगते तसं करा.” मग पेई समजावायची: डबा घेऊन दवाखान्यात चला, डॉक्टर तितकंच औषध मोजून देईल आणि हळूहळू कमी करत आणेल.

कुणी दार आपटलं, कुणी पांग वैद्याच्या पायाशी थुंकलं. एका म्हाताऱ्याने त्याचंच सांत्वन केलं. सायकल दुरुस्त करणारा एक जण होता, त्याने ऐकता ऐकता डबा उचलला आणि तरातरा गटाराकडे निघाला. हुईझन त्याच्यामागे धावली, दोन्ही हातांनी त्याचा दंड धरला.

“फेकू नको!”

“विष आहे म्हणता ना? सोड!”

“विष आहे आणि फेकू नको! आत्ता फेकलंस तर आठवड्यात मरशील! माझा माणूस असाच मेलाय!”

सगळी गल्ली बघायला लागली. त्याने डबा खाली ठेवला. हुईझनला आपलाच आवाज परका वाटला, आणि धाप मात्र बराच वेळ जाईना.

सर्वांत अवघड होत्या त्या तोंग आजी. नव्वदीच्या जवळच्या, एकट्या, कोपऱ्यावर टरबुजाच्या बिया विकायच्या. लाओ फानच्याच सांगण्यावरून त्यांनी गोळ्या सुरू केल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डबा उशीखाली सरकवला.

“ते काही नाही. मी चालते ह्या गोळ्यांवर. हे वैद्यबुवा गेली पन्नास वर्षं मला काढे पाजताहेत, एकानेही पाय हलला नाही. ह्यांनी आयुष्यात एक खरं औषध दिलं, तर तेच काढून घ्यायला आलात?”

पांग वैद्य मान खाली घालून उभा होता. पेई समजावून थकली. शेवटी हुईझन पलंगावर बसली आणि म्हणाली, “आजी, काढून घेत नाही. डबा तुमच्याच हातात राहू द्या. फक्त माझ्याबरोबर दवाखान्यात चला. चालत चला, तुम्हाला चालता येतंय तोवर.”

“आणि तुझ्या त्या डॉक्टरणीने काढून घेतला तर?”

“तर मला शिव्या द्या.”

“त्या मी देईनच,” आजी म्हणाल्या आणि चप्पल शोधायला लागल्या.

पुढे व्हायचं ते झालं. दुकानाला सील लागलं. पांग वैद्याची चौकशी झाली, पण वयाकडे बघून त्याला घरीच ठेवलं. भुकटीवाला कुठल्या कुठे पसार झाला. औषध खात्याची माणसं प्रयोगशाळेत येऊन पेईचं भोक आणि रेघा बघून गेली. पेईचा त्यावर लेख आला आणि तिने तो हुईझनला दाखवला नाही. गल्लीतलं कुणी दगावलं नाही. औषध कमी करताना सायकलवाल्याला चार दिवस हॉस्पिटलात राहावं लागलं, पण तो घरी आला. पांग वैद्यही दवाखान्याच्या रांगेत आपल्या रोग्यांच्या मागे बसून औषध घेऊ लागला. कुणी त्याला नमस्कार करत, कुणी करत नसत. हुईझन दिसली की तो उठून उभा राहायचा. ती मान हलवून पुढे जायची. त्याचा राग येतो का, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं होतं.

शिनयीने बातमी ऐकली आणि सूचौहून फोन केला. हुईझन भाजी निवडत होती.

“आई, अगं ऐकलंस का? पांग आजोबांच्या गोळ्या भेसळीच्या निघाल्या! स्टेरॉइड होतं त्यात! मी म्हटलं नव्हतं?”

“म्हटलं होतंस.”

“आई…” शिनयीचा आवाज खाली आला. “म्हणजे आपण वेळेवर बंद केल्या ते बरंच झालं ना? बाबा गेले ते गेलेच, पण निदान शेवटी तरी ते विष पोटात नव्हतं.”

हुईझनच्या हातात पालकाची जुडी होती. तिने एक पिकलेलं पान काढून बाजूला ठेवलं, मग आणखी एक.

“आई? आहेस ना?”

“आहे. बरंच झालं.”

“तू जेवतेस ना नीट?”

“जेवते. तू ठेव आता, तुझं बाळ रडतंय.”

शिनयीला कधीतरी हे कुठूनतरी कळेल, हे तिला माहीत होतं. पोरगी हुशार आहे, वाचेल, हिशेब जुळवेल आणि धाडकन दार ढकलून घरात येईल. तेव्हाचं तेव्हा बघू, असं तिने ठरवलं. त्या दिवशी सांगायचं वाक्य तिच्याकडे तयार होतं: डबा मी ठेवला कपाटावर. तू नाही. तोवर तो भार एकटीने वाहायचा होता, आणि बधिर माणसाला भार जड लागत नाही, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

उन्हाळा लागला. नानजिंगचा उन्हाळा, सावलीतसुद्धा घाम निथळणारा. तोंग आजींचं औषध कमी होत होत अगदी कणभर राहिलं होतं आणि त्यांचे गुडघे पुन्हा धरले होते. एका रविवारी हुईझन बाजारातून येत होती, तर आजी कोपऱ्यावर बियांच्या टोपलीमागून ओरडल्या,

“ए मेंग! थांब, चोरटे! माझे गुडघे कुठे नेलेस?”

रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले.

“गुडघे तिथेच आहेत तुमचे, आजी.”

“हे? हे गुडघे आहेत? ह्या गंजलेल्या कड्या आहेत! तुझा नवरा भला माणूस, त्याने मला पाय दिले. आणि तू? तू सटवी! नवरा होता तोवर मी नाचत होते!”

“तो होता तोवर मीही नाचत होते!” हुईझन ओरडली.

हे ती का ओरडली, ते तिला कळलं नाही. ती कधी नाचली नव्हती. नाचायचा तो, आणि ही बाकावर बसून त्याचा सदरा धरायची. तिच्या हातातली पिशवी खाली पडली, वांगी घरंगळली. ती उचलायला वाकली आणि तिला परत उठता येईना. फरसबंदीवर तशीच बसली. घशातून आधी आवाजच नुसता येत होता, मग डोळ्यांतून पाणी आलं. भर रस्त्यात, भर दुपारी, लोक वळसा घालून जात होते आणि ती तोंड उघडं टाकून रडत होती.

तोंग आजींना उठून तिच्यापर्यंत यायला बराच वेळ लागला. काठीने त्यांनी एक वांगं हुईझनकडे ढकललं.

“मी तर नुसती शिवी दिली गं,” त्या घाबरून म्हणाल्या. “एवढी लागली?”

हुईझनने मान हलवली. आजींनी टोपलीशेजारचं आपलं बुटकं स्टूल पायाने ओढून तिच्यापुढे सरकवलं.

“ह्यावर बस. खालची फरशी भाजते.”